बाईंचे चालू तास

बस डेपोत त्यांना सगळे तक्तेमास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. कोणत्या चालकाने कोणती गाडी कोणत्या फेरीला न्यायची, कुणाची जेवणाची सुट्टी कधी, राखीव माणूस कुठे बसवायचा, हे सगळं एका लांबलचक कागदावर आखून दर आठवड्याला भिंतीवर लावायचं, हे त्यांचं काम. पट्टी, टोकदार पेन्सिल आणि खोडरबर एवढीच हत्यारं. चालक मंडळी मागे त्या कागदाला शिव्या घालत आणि पुढे येऊन गोड बोलत. कारण मेव्हण्याचं लग्न असो की स्वतःची दाढ काढायची असो, सुट्टी त्या कागदातूनच निघायची. मास्तर आधी कपाळाला आठ्या घालत, मान हलवत, अशक्य आहे म्हणून सांगत आणि मग संध्याकाळी गुपचूप दोन रकान्यांची अदलाबदल करून त्याची सोय लावून देत. डेपोत संगणक आला तेव्हाही ते आधी कागदावरच आखत आणि मग ते संगणकात भरत. वरिष्ठांना वाटे, संगणकाने केलं. मास्तर त्यांना तसंच वाटू देत.

घरीही तेच. लेकीच्या परीक्षा, पाहुण्यांच्या मुक्कामात न्हाणीघराचा क्रम, रंगकामाच्या वेळी कोणती खोली आधी रिकामी करायची, सगळ्याचा तक्ता. बायको म्हणायची, "तुम्हाला शिंक आली तरी तुम्ही आधी रकाना बघाल." ती असं म्हणाली की मास्तरांना बरंच वाटायचं.

बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवत, त्यावरून लॅबमध्ये प्लास्टरचा जबडा ओतला जाई आणि त्या जबड्यावर मेणाची कड चढवून बाई तिच्यात एकेक दात बसवत. गरम सुरीचं टोक मेणाला लावायचं, दात किंचित वळवायचा, मेण थिजेपर्यंत श्वास धरून ठेवायचा. समोरचे दात त्या कधीच अगदी सरळ लावत नसत. एखादा केसभर तिरका ठेवत. एकसारखे दात लावले की माणूस हसताना दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, आणि पुढे पुढे मास्तरही चारचौघांत बायकोचा उल्लेख तसाच करू लागले. लग्नाकार्यात समोरून कुणी हसत आलं की बाई नवऱ्याच्या कानाला लागत, "हे माझे दात," आणि मास्तरांना हसू आवरताना पुरेवाट होई.

मास्तर निवृत्त झाले त्याच वर्षी बाईंचं अक्षर बारीक व्हायला लागलं. लॅबचे मालक सभ्य माणूस. त्यांनी आधी थट्टेवारी नेलं, म्हणाले की चिठ्ठीवर मुंग्या सोडल्यासारखं वाटतंय. मग एकदा घरात दूध करपून धूर झाला तरी शेजारच्याच खोलीत बसलेल्या बाईंना वास आला नाही. मग डावा हात. काम करताना तो नीट असे. मांडीवर ठेवला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासू लागत, जणू बाई चिमटीत काहीतरी मळताहेत.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हा आजार मारत नाही पण सोडतही नाही, असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. बाईंनी विचारलं, हात चालेल ना? डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं चालेल. मास्तरांनी त्यातलं 'बरीच वर्षं' ऐकलं, बाईंनी काय ऐकलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पहिली काही वर्षं खरंच बरी गेली. गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात बाईंचं अंग मोकळं व्हायचं आणि मग दुसरी गोळी घेईपर्यंत मोकळंच राहायचं. पुढे मधे मधे फटी पडू लागल्या. गोळीचा जोर पुढच्या गोळीच्या आधीच ओसरायचा, बाई उंबऱ्यात उभ्या राहायच्या आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलेनात. तेव्हा इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने त्यांना एक छापील कागद दिला. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन होते. गोळी कधी घेतली, जेवण कधी झालं, आणि शरीर 'चालू' कधी, 'बंद' कधी, ते भरायचं. ती म्हणाली की आठवडाभर भरून आणा, म्हणजे चांगले तास कोणते ते कळेल आणि अवघड कामं त्या तासांत बसवता येतील.

"मी काय पंखा आहे?" बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मात्र तो कागद दोन्ही हातांनी घेतला. घरी परतेपर्यंत त्यांनी त्यातल्या चुका काढल्या होत्या. जेवणाचा रकाना इतका अरुंद की त्यात काय खाल्लं ते लिहिता येणार नाही. करायच्या कामांना जागाच नाही. आठवड्याचे सात कागद वेगवेगळे, मग एका दिवसाची दुसऱ्याशी तुलना करायची कशी? त्यांनी ताबडतोब पट्टी काढली.

दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकान एका बाईचं होतं, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं तुसडं. तिने तो हाताने आखलेला कागद उलटसुलट बघितला आणि हे संगणकावर करून देते म्हणाली. मग दोघांचं रेघांच्या जाडीवरून वाजलं. मास्तरांना तासाची रेघ जाड हवी होती आणि अर्ध्या तासाची बारीक. झेरॉक्सवाली म्हणाली की आजारी माणसाला रेघेच्या जाडीने काय फरक पडणार आहे. मास्तर म्हणाले, "भरणारा मी आहे." तिने शेवटी त्यांना हवं तसं करून दिलं, आणि पुढच्या काळात तो तक्ता तिने इतक्या वेळा बदलून दिला की मास्तर दारात दिसले की ती आपणहून ते पान उघडून ठेवी.

तक्ता लागू पडला. आठवडाभरात चित्र स्वच्छ दिसायला लागलं. सकाळची पहिली गोळी सावकाश चढते, दुसरी झटकन, दुपारी दूध किंवा अंडं पोटात असेल तर गोळी वायाच जाते. मास्तरांनी दूध हलवलं, अंडं संध्याकाळी नेलं, गोळीच्या वेळा इस्पितळात विचारून थोड्या सरकवल्या. लॅबच्या मालकांना भेटून बाईंना उशिरा यायची परवानगी मिळवली. आता बाई दुसरी गोळी घेऊन बसमध्ये बसत आणि लॅबच्या टेबलाशी पोहोचेपर्यंत बोटं मोकळी झालेली असत. दात बसवायचं काम त्या वेळात. बोटं जड व्हायला लागली की प्लास्टर ओतणं, घासणं, डबे धुणं. मास्तर बरोबर जात, लॅबच्या बाहेरच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसत आणि येताना त्यांना हाताला धरून आणत. महिन्याच्या शेवटी इस्पितळातल्या त्या मुलीने मास्तरांचा तक्ता बघून विचारलं, हा मी इतर पेशंटना देऊ का? मास्तर म्हणाले, द्या की. त्या रात्री जेवताना त्यांनी ही गोष्ट दोनदा सांगितली.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मास्तर सुखी होते. निवृत्तीनंतर रिकामे झालेले हात पुन्हा कामाला लागले होते, आणि आखलेलं जसंच्या तसं घडत होतं. आपली बायको आजारी आहे आणि आपण मजेत आहोत, हे त्यांच्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. नंतर आलं, आणि ते त्यांना फार लागलं.

दीडेक वर्षाने तक्ता डळमळायला लागला. तीच गोळी, तेच जेवण, तीच वेळ, आणि आज अंग मोकळं तर उद्या लाकडासारखं. गोळ्या वाढवल्या तर अंग मोकळं व्हायचं पण नुसतं मोकळं राहायचं नाही. मान, खांदा, पाय आपोआप वळवळायला लागायचे, बाई खुर्चीत बसल्या बसल्या झोके घेतल्यासारख्या हलायच्या. मास्तरांनी तक्त्यात तिसरा प्रकार घातला, 'वळवळ'. मग रंग आणले. हिरवा, तांबडा, पिवळा. मग झोपेचा रकाना, पोट साफ झालं की नाही त्याचा रकाना, हवेचा रकाना. कुठेतरी कारण असणार, ते अजून कागदावर आलेलं नाही इतकंच, अशी त्यांची खात्री होती. डेपोत एखादी फेरी रोज उशिरा येत असली तर त्यांनी दोन आठवड्यांत कारण शोधून काढलंच असतं. इथे सहा महिन्यांचे कागद जमिनीवर ओळीने मांडून ते गुडघ्यांवर बसून बघत, आणि सगळ्या रंगांची नुसती खिचडी दिसे.

डोक्यात तार बसवायच्या एका ऑपरेशनबद्दल डॉक्टर पूर्वी बोलले होते. तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले की बाईंच्या बाबतीत त्यात धोका जास्त, फायदा कमी. तो विषय तिथेच मिटला.

त्याच सुमाराला बाईंनी केलेली एक कवळी लॅबमध्ये परत आली. पेशंटचं तोंड मिटेना, एका बाजूचे दात आधी टेकत आणि दुसरी बाजू उघडीच राही. मालकांनी काही न बोलता ती दुसऱ्याकडून करून घेतली. मग आणखी एक परत आली. तिसऱ्या वेळी मालक स्वतः घरी आले. चहा घेतला, लेकीची चौकशी केली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि उठता उठता पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली बाईंची हत्यारं काढून टेबलावर ठेवली. मेणाच्या सुऱ्या, बारीक कानशी, एक लहान ब्रश. म्हणाले, घरी असू द्यात, तुमच्या हाताला बसलेल्या आहेत. बाईंचा चेहरा त्या आजाराने आधीच मुखवट्यासारखा झालेला, त्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि मालकांना दारापर्यंत सोडायला मास्तरांना खूण केली.

आता सगळा दिवस घरात. मास्तरांनी नवा तक्ता आखला. बंद तासांत बाईंना काहीच करता यायचं नाही, म्हणून जे काही करायचं ते चालू तासात बसवायला हवं होतं. आंघोळ, केस, नखं. हातापायांचे व्यायाम. अंगणात चार फेऱ्या, जमिनीवर चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या, त्या ओलांडत चालायचं म्हणजे पाय अडकत नाहीत. अक्षर सुधारण्यासाठी वहीत मोठी मोठी अक्षरं. आवाज बारीक होत चालला होता म्हणून आरोळ्या मारायचा सराव. लेकीला फोन. दिवसात कसाबसा दीड-दोन तास चांगला यायचा आणि तोही सलग नाही. तो आला रे आला की मास्तर हातात कागद घेऊन उभे.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती आठवडाभर सुट्टी काढून आली. पहिल्या दोन दिवसांत तिने सगळं बघितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंचं अंग मोकळं झालं, मास्तर नखं कापायची डबी घेऊन आले, आणि बाईंनी हात मागे घेतला.

मास्तर म्हणाले, "अगं, आत्ताच होतील. मग हात धरवत नाही."

बाई बोलल्या ते इतकं हळू की लेकीला पुढे वाकावं लागलं. "अख्खा दिवस मी या एका तासाची वाट बघते. आणि तो आला की तुमची कामं करते."

"माझी कामं? नखं तुझी आहेत."

"आंघोळ माझी, नखं माझी, आरोळ्या माझ्या. तास मात्र तुमचा."

मास्तरांनी लेकीकडे बघितलं. तिने बाजू घ्यावी अशी त्यांची अपेक्षा होती. लेक म्हणाली, "बाबा, तिला एखादा दिवस नुसतं बसू द्या ना."

मास्तर चिडले नाहीत. ते उठून दुसऱ्या खोलीत गेले आणि बऱ्याच वेळाने नवा कागद आखून घेऊन आले. दुपारच्या चौकोनाभोवती जाड रेघ मारली होती आणि आत लिहिलं होतं, 'काही नाही'. लेकीला हसू आलं आणि ते तिने तोंड फिरवून लपवलं. बाई म्हणाल्या, बरं.

पण 'काही नाही' करायचं म्हणजे काय, ते मास्तरांना उमगत नव्हतं. ठरलेल्या वेळी ते समोरच्या खुर्चीत येऊन बसत आणि बायको काही न करता कशी बसली आहे ते बघत. हात किती हलतो, मान किती, पापण्या मिटताहेत की नाही. बघितलेलं लिहीत नसत, पण लिहिणारा माणूस बघतो तसंच बघत. बाई खिडकीकडे तोंड करत. लेक गेली, आणि त्या जाड चौकोनातही चांगला तास येईनासा झाला. कधी सकाळी दहा मिनिटं यायचा, कधी जेवताना मधेच, घास तोंडात असताना, आणि घास गिळेपर्यंत निघूनही जायचा.

मग ती दुपार आली. गोळ्या संपत आल्या होत्या आणि नेहमीच्या दुकानात त्या नव्हत्या, म्हणून मास्तरांना बाजारापलीकडच्या मोठ्या दुकानात जावं लागलं. बाई पलंगावर पडून होत्या, अंग पुरतं आखडलेलं. दोन वाजून गेलेले, दुपारची गोळी लागू पडली नव्हती, आता संध्याकाळपर्यंत काही व्हायचं नाही, असा हिशेब करून ते निघाले. वरच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, एकट्या, कानाने कमी. त्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. दुकानात रांग होती. परतताना बस चुकली.

घरी आले तर पलंग रिकामा. आत बघितलं, न्हाणीघरात बघितलं, मग मागच्या अंगणाकडून आजींचं हसणं ऐकू आलं. आजी कट्ट्यावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बाई शेजारीच खुर्चीत होत्या आणि परत आखडायला लागल्या होत्या. एक हात मांडीवर, बोटं मिटत चाललेली.

मास्तरांनी त्यांना आत नेलं, निजवलं आणि मग बाहेर येऊन आजींना विचारलं की ती अंगणात आली कशी. आजी म्हणाल्या, कशी म्हणजे? चालत. आपणहून उठली, दार उघडलं, चिकटपट्ट्यांवर पाय न देता आडवी चालत आली. कपडे वाळत घातलेले होते, ते काढायला लागली. मग आजींनी सहज सांगितलं की माझी कवळी खालून टोचते, चावताना जीव जातो. बाईंनी ती काढायला लावली, उजेडात धरली, आतल्या बाजूने बोट फिरवलं, मग घरात जाऊन फडक्यातलं सामान घेऊन आल्या आणि एक बारीक कानस काढून गुलाबी कड घासली. घालून बघा म्हणाल्या, पुन्हा काढली, पुन्हा घासली. आणि मग तिसऱ्यांदा घातली तर, आजी म्हणाल्या, आपली स्वतःची असल्यासारखी बसली.

"किती वेळ चाललं हे?" मास्तरांनी विचारलं.

"मी काय घड्याळ लावून बसले होते?" आजी म्हणाल्या. "बराच वेळ. हसत होती की. तुमच्या डेपोतल्या गोष्टी सांगत होती, तुम्ही सुट्ट्या कशा लपवून द्यायचात ते. मला हे माहीतच नव्हतं."

मास्तरांनाही माहीत नव्हतं. म्हणजे बाईंना ते ठाऊक आहे, हे माहीत नव्हतं. त्यांनी घरात ही गोष्ट कधी काढली नव्हती. कुठल्यातरी चालकाच्या बायकोने सांगितली असेल.

आत येऊन ते पलंगाच्या कडेला बसले. बायकोचा हात चालला, तोही तिचं स्वतःचं काम करताना, याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण तेव्हा आपण औषधाच्या रांगेत उभे होतो, हेच मनात घोळत राहिलं. त्यांनी विचारलं, आज असं वेगळं काय झालं? काही खाल्लं होतंस का? झोप लागली होती का?

बाईंचे ओठ हलले. मास्तर वाकले.

"तुम्ही नव्हतात," बाई म्हणाल्या. "त्याने असेल."

त्या थट्टा करत होत्या की कसं, ते कळायला मार्ग नव्हता. पूर्वी थट्टा त्यांच्या डोळ्यांत आधी यायची. आता डोळेही सारखे स्थिर असत. मास्तरांनी ते खरं धरलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी ते घराबाहेर पडू लागले. तक्ता आखायचं त्यांनी सोडून दिलं. झेरॉक्सवालीने एकदा रस्त्यात अडवून विचारलं की काका, आला नाहीत बरेच दिवस, तर म्हणाले, सध्या गरज नाही. ती म्हणाली, बरं वाटतंय म्हणायचं त्यांना. मास्तरांनी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

टायरच्या दुकानामागे एक सिमेंटचा कट्टा होता, तिथे ते जाऊन बसत. आजींना त्यांनी सांगून ठेवलं होतं की स्वयंपाकघरात बसा, पण खोलीत डोकावू नका, तिच्याकडे बघू नका. आजी म्हणाल्या, हे काय खूळ? पण बसायच्या. कट्ट्यावर बसून मास्तर मनाने घरात फिरत. आत्ता उठली असेल. दार उघडलं असेल. कवळ्या आता कोणाच्या नाहीत, पण निदान खिडकीशी गेली असेल. आयुष्यभर दुसऱ्याच्या वेळा ठरवलेल्या या माणसाला आपण इथे किती वेळ बसावं तेच ठरवता येईना. लवकर परतावं तर तिचा चालू तास आपल्या पायाखाली तुडवला जायचा. उशिरा परतावं तर तिला पाणी हवं असेल, कूस बदलायची असेल आणि आजींना ऐकू येणार नाही. उठायचे, चार पावलं जायचे, परत येऊन बसायचे. दुकानातला माणूस एकदोनदा त्यांच्याकडे बघून गेला.

घरी आल्यावर ते काही विचारत नसत. पलंगाजवळ जाऊन नुसतं बघत. उशीवरची मान जिथे होती तिथेच असे, चादरीची घडीही मोडलेली नसे. बाईच सांगत, "आज नाही." आठवड्यामागून आठवडे गेले. थंडी आली, मास्तर कट्ट्यावर मफलर गुंडाळून बसू लागले. आजींना खोकला झाला तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी सांगून ते जात राहिले. गोळ्या बदलल्या, वाढवल्या, परत कमी केल्या. बाईंना आता पाणीही नुसतं गिळता येईना, ठसका लागायचा. त्यात घट्ट करायची पावडर घालून चमच्याने द्यावं लागे. डॉक्टर म्हणाले, हे या आजाराच्या पुढच्या टप्प्यातलंच आहे.

लेक फोनवर म्हणाली की आईला मी घेऊन जाते. मास्तर म्हणाले, प्रवास झेपायचा नाही. ते खरंही होतं. लेक रडली आणि मग म्हणाली की मी पुढच्या महिन्यात येते.

एका दुपारी ते निघायला म्हणून चपला घालत होते, तेव्हा पलंगावरून आवाज आला. आधी त्यांना वाटलं, खोकला. जवळ गेले. बाईंनी दोनदा प्रयत्न केला, शब्द अर्धवट राहिला, मास्तर वाकून थांबले. त्यांना आता थांबता येत होतं.

"जाऊ नका," बाई म्हणाल्या.

"अगं, मी गेलो तर कदाचित..."

"तो तास नाही यायचा." ओठ कोरडे पडले होते, मास्तरांनी ओला कापूस फिरवला. "तुम्ही नसलात की नुसती बंद. आणि एकटी."

एवढे दिवस कट्ट्यावर घालवले, ते सगळे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले, आणि त्या प्रत्येक दिवशी ही इथे छताकडे बघत पडलेली. तिने तेव्हाच का सांगितलं नाही, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण 'आज नाही'च्या पलीकडे काही सांगायला आवाज लागतो, आणि आवाज यायला चांगली वेळ लागते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्यांनी चपला काढल्या. स्वयंपाकघरात जाऊन आजींना सांगितलं की तुम्ही वर जा, आता मी आहे. आजींनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्या खोकत खोकत जिना चढून गेल्या. मास्तरांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. बायकोचा डावा हात चादरीबाहेर होता, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती. तो त्यांनी हातात घेतला. थरथर थांबली नाही, त्यांचाच हात तिच्याबरोबर हलायला लागला.

आता काय करायचं, ते दोघांनाही माहीत नव्हतं. संध्याकाळ व्हायला अजून खूप वेळ होता.